पोलादपुरातली मुकी

परदेशात स्वयंसेवक म्हणून जायचं तर आधी साधं राहायला शिकावं लागतं. ते आम्ही दोन दिवस पुण्याच्या एसी हॉलमध्ये स्लाइडवर शिकलो. आफ्रिकेतल्या एका खेड्यात विज्ञान शिकवायला माझी निवड झाली होती आणि त्यासाठी मी महाडच्या एमआयडीसीतली प्रयोगशाळेची नोकरी सोडली होती. तिसऱ्या दिवशी प्रशिक्षक सरांनी इंग्रजीत जाहीर केलं, "आता प्रत्येकाने आठवडाभर संपूर्ण अनोळखी, दुर्गम ठिकाणी राहायचं."

जीप महाबळेश्वर सोडून आंबेनळी घाट उतरायला लागली तेव्हाच मला शंका आली. माझं अनोळखी, दुर्गम ठिकाण म्हणजे पोलादपूर तालुक्यातली एक डोंगरावरची वाडी निघाली. तिथून महाडचं आमचं घर एसटीने दीड तास.

"सर, मी इथलीच आहे," मी म्हणाले.

"मग तुमची परीक्षा जास्त कठीण," सर खूश होऊन इंग्रजीतच म्हणाले. "तिकडे तुम्हाला भाषा येणार नाही. म्हणून इथेही स्थानिक भाषा बोलायची नाही. खुणांनी भागवायचं."

बाकीचे चौघे स्वयंसेवक बंगलोर-कोलकात्याचे. मराठी न बोलणं त्यांना जन्मापासून जमत होतं. पण या सरावाला गुण होते, आणि गुण म्हटलं की माझी अक्कल गहाण पडते. मी मान डोलावली.

ज्या काकींकडे मला ठेवलं त्यांच्याकडे दोन म्हशी, थोड्या शेळ्या आणि मुंबईत राहणारा एक मुलगा होता. सरांनी त्यांना हिंदीत सांगितलं, "ये बोलेंगी नहीं." काकींनी त्याचा सरळ अर्थ लावला.

"मुकी हाय गो," त्या शेजारणीला म्हणाल्या. "शिकलेली दिसते, पन देवानं वाचा नाय दिली."

"म्हनून लगीन नाय झालं असंल," शेजारणीने निदान केलं.

मी समोर बसून भाकरी चावत होते. काकी माझ्या कानाशी येऊन ओरडत, "भा-क-री!" आणि मी नवा शब्द शिकल्याचा चेहरा करत असे. त्या माझ्या ताटात लोणी जास्त घालत. माझ्यासमोरच शेजारणीला सांगत, की मुलगा फोन करत नाही, सुनेने यायचं सोडलंय. सांगता सांगता पदराने डोळे पुसत. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या वाचेसाठी गावदेवीला नारळ बोलला. हे कुठल्याच स्लाइडवर नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी त्या गोठ्यात पेंढा ओढत होत्या. त्यांच्या मनगटापासून वीतभर अंतरावर फुरसं होतं, छोटा पण जहरी साप.

"काकी, हात काढा! फुरसं!"

काकींनी हात काढला. फुरसं सरकून दगडांत गेलं. काकींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"देवीनं वाचा दिली गो!" त्यांनी हाक दिली आणि सगळी वाडी गोठ्यासमोर जमा झाली. कुणीतरी नारळही आणला. चमत्कार होऊन राहण्यात गुण जास्त मिळाले असते, पण माझ्याने ते झालं नाही.

"काकी, मला आधीपासून बोलता येतं. मी महाडची आहे."

"मंग बोलली का नाय?"

"सरांनी सांगितलं होतं."

"कशापायी?"

याचं उत्तर पुण्यात माहीत होतं. गोठ्यात उभं राहून ते मराठीत सांगता येईना.

"मी घरातलं समदं बोलले तुझ्याम्होरं," काकी म्हणाल्या आणि आत गेल्या. दिवसभर त्यांनी ताट ठेवलं, शब्द ठेवला नाही. मुकं असणं म्हणजे काय, ते त्या दिवशी मला कळलं.

दुसऱ्या दिवशी त्या गवत कापायला निघाल्या तेव्हा मी मागोमाग गेले. गवत बांधता बांधता माझं मोडलेलं लग्न, आईशी झालेलं भांडण, घरी कुणाला न सांगितलेलं सगळं सांगून टाकलं. काकी विळा चालवत ऐकत राहिल्या.

"आता झाली फिट्टंफाट," शेवटी त्या म्हणाल्या. "उचल भारा."

आठवड्याने सर आले. मराठी बोलल्याचं मीच कबूल केलं आणि भाषेच्या सरावात त्यांनी मला शून्य दिलं.

"ह्या सायबाला मराठी येतं का गो?" काकींनी विचारलं.

"नाही."

"मंग ह्यालाच ठेव की हितं. तू कशाला राहिलीस?"

सरांनी मला भाषांतर विचारलं. मी खुणेनेच सांगितलं, की त्या तुमची आठवण काढतील.