वारज्याच्या टेकडीखालचं पाणी

नागपूरहून पुण्यात उतरले तेव्हा माझ्या बॅगेत कपड्यांपेक्षा नकाशेच जास्त होते. जमिनीखालचं पाणी शोधणं हे माझं काम. जन्मभर ते ज्ञान सरकारी अहवालांत कुजत पडलं. निवृत्त झाल्यावर ठरवलं, आता लोकांना त्यांच्या भाषेत सांगायचं. वारज्याच्या एका नव्या सोसायटीने व्याख्यानाला बोलावलं आणि मी हुरळले.

स्टेशनबाहेर पोहे घेतले. नागपुरी सवयीने वर झणझणीत तर्रीचा रस्सा मागितला, तर मालक म्हणाला, "का? पोह्यांना काय झालंय?" मुकाट्याने खाल्ले.

आधी टेकडीखालच्या वस्तीवर गेले. विहिरीवर हौसाबाई भेटल्या. सगळी वस्ती याच पाण्यावर जगते. टेकडीच्या खडकातल्या भेगांतून तिथे झिरा (सतत पाझरणारं पाणी) येतो. वर सोसायट्या झाल्या, तशी बोअरची यंत्रं टेकडी चाचपत फिरू लागली होती.

"तुमचं ऐकत्याल ती शिकलेली मानसं," हौसाबाई म्हणाल्या. "एवढी हिर हाय बगा आमाला."

व्याख्यान सहाला म्हणजे सहाला सुरू झालं. समोर बहुतेक आयटीतली तरुण मंडळी, त्यात आपल्या अमरावती-अकोल्याचीही. मी पडद्यावर नकाशा लावला आणि भेगांचा पट्टा लाल रंगात दाखवला. म्हटलं, "एवढा पट्टा सोडा. इथे बोअर घेतली की खालची विहीर संपली." सगळे शांतपणे ऐकत होते. भराभर मोबाइलवर फोटो निघाले. प्रश्नही नेमके आले, खोली किती, खडक कुठला. शाल-श्रीफळ मिळालं. त्या रात्री मी फार सुखाने झोपले.

सकाळी निघण्यापूर्वी टेकडीकडे गेले, तर यंत्राची घरघर ऐकू आली. नकाशातल्या लाल पट्ट्यावरच बोअरची गाडी उभी होती. पांढरी भुकटी उडत होती. सोसायटीचे चेअरमन लगबगीने पुढे आले.

"या मॅडम! बरोबर तुमच्या पट्ट्यावर घेतलीय. आधीच्या सगळ्या कोरड्या गेल्या हो."

"अहो, मी तो पट्टा सोडायला सांगितलं होतं."

"कळलं ना. पण टँकर येईना झालेत. आमच्याही घरात लहान मुलं आहेत." त्यांचा आवाज खरंच ओशाळला होता. मग पाणी उसळलं, टाळ्या वाजल्या आणि कुणीतरी माझ्या हातात नारळ दिला. "मॅडमच्याच हस्ते फोडूया!" मी तो खाली ठेवला आणि उतारावरून चालू लागले. रडू आवरत नव्हतं.

हौसाबाई विहिरीपाशीच कळशी भरत उभ्या होत्या. यंत्राचा आवाज तिथवर येत होता.

"सांगितलं न्हाय व्हय त्यास्नी?"

"सांगितलं."

"मग? समजलं न्हाय?"

"सगळं समजलं, हौसाबाई."

त्या कळशी तशीच भरत राहिल्या.

दौंड मागे पडलं तेव्हा फोन वाजला. कात्रजच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी होते. "वारज्याला फार उत्तम झालं म्हणे. आमच्याकडेही यावं आपण. भाषण थोडक्यात आटोपलंत तरी चालेल, आमच्या भागाचा नकाशा तेवढा आणा."

नकाशा नाही, असं धडधडीत खोटं सांगून मी फोन ठेवला. तो बॅगेत होता. घरी पोचल्यावर सगळे विचारतील, पुणं कसं वाटलं? लोक हुशार आहेत हो. सांगितलेलं एका फटक्यात समजतं. त्याचीच आता मला भीती वाटते.