ताप बरोबर शे

आबा तापलेला कय्या गालाजवळ न्यायचे. आता टेकतो की काय, म्हणून बघणारा मागे सरायचा. आबा मात्र आपल्या खानदेशी बोलीत शांतपणे म्हणायचे, "ताप बरोबर शे."

कय्या म्हणजे डाख लावायचं, धातूचे सांधे जोडायचं हत्यार. लोखंडी दांडी आणि पुढे तांब्याचं टोक. जळगावात आमच्या शेजारी राहणारे हे आबा कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते. घरी रेडिओ जुळवायचा छंद. छंदापायी घरादाराला वेठीला धरणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या पत्नी अक्का पोळ्या लाटत बसलेल्या आणि चुलीतल्या निखाऱ्यांवर आबांचा कय्या!

पण युद्ध आलं आणि छंदातली मजा गेली. पलटणीत गेलेला त्यांचा एकुलता एक मुलगा पूर्वेच्या लढाईत बेपत्ता झाला. शत्रूचं कुठलंसं स्टेशन पकडलेल्या शिपायांची नावं वाचतं, असं आबांच्या कानावर आलं. नाव आलं म्हणजे पोरगा जिवंत. आबांनी दूरचं स्टेशन धरणारा रेडिओ जुळवायला घेतला.

आधी कय्या निवडायचा होता. पत्रेवाल्याचा कय्या इतका जड, की एक सांधा जोडताना शेजारचा सुटायचा. सोनाराची फुंकणी आणली, तर तारेवरचं सूत जळलं. "दागिना नही शे हाऊ," अक्का वैतागल्या. शेवटी तांब्याचं टोक घासून घासून आबांनी बोटभर बारीक कय्या केला. तो तापवून गालाशी नेला आणि पहिला सांधा जोडला.

रेडिओ लागला. रोज दिवेलागणीला आम्ही रेडिओच्या खरखरीला कान लावून बसायचो. नावं यायची, कुठली कुठली, परकी. एका संध्याकाळी मात्र "जिल्हा पूर्व खानदेश" असं स्पष्ट ऐकू आलं. आमचाच जिल्हा! आता नाव येणार, म्हणून अक्कांनी पदर तोंडाशी धरला. आणि रेडिओ बंद पडला.

धुळ्याहून ओळखीचा दुरुस्तीवाला आणला. त्याने मागचं झाकण काढलं. सांध्यांवर हिरवं चढलं होतं, तारा खाल्ल्या गेल्या होत्या. डाख नीट धरावा म्हणून आबांनी पत्रेवाल्यासारखा नवसागर वापरला होता. पत्र्याला तो चालतो, बारीक तारेला खातो. इथे राळ हवी होती. कय्या निवडण्यात आम्ही एवढे गढून गेलो, की राळेचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

"उद्या बोलता करून देतो," तो म्हणाला.

आबांनी रेडिओवर हात ठेवला. "नको. आजून नावे बाकी शेतस."

मला त्यांचा राग आला होता. आज वाटतं, "पूर्व खानदेश"च्या पुढचं नाव दुसऱ्याच कुणाचं निघालं असतं, तर त्या माणसाने काय करायचं होतं?

युद्ध संपलं. ज्यांचे यायचे त्यांचे आले. आबांचा मुलगा आला नाही, आणि रेडिओला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. आबा वारले, त्यांचं दिवसकार्य झालं आणि अक्कांनी मला बोलावलं. पुढ्यात रेडिओ, कय्या आणि कागदात बांधलेला राळेचा खडा.

"आते डाख लावा, भाऊ."

ते स्टेशन केव्हाच बंद झालं होतं. ते मला सांगवलं नाही. मी कय्या तापवला, गालाजवळ नेला, सांधे जोडले. रेडिओ खरखरला आणि कुणीतरी बाजारभाव सांगू लागलं. कापूस, भुईमूग, तूर.

अक्का कान देऊन शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग मला हळूच विचारलं, "नावे कव्हय सांगतीन?"