नानीबाईचं मीठ

नेमसिंगच्या ट्रकमधून काच गेली, रांजण गेले, औंढ्याच्या दुकानदाराची बांगड्यांची खोकी गेली, पण टिचलेलं असं काही कधी उतरलं नाही. खड्डा दिसायच्या आधी त्याला तो कमरेत जाणवतो, असं वारंगा फाट्यावरचे ड्रायव्हर म्हणायचे. म्हणायचे आणि वर हसायचेही, कारण एवढा हळू चालणारा ट्रक दुसरा नव्हता. बैलगाड्या मागून हॉर्न देतात, अशी त्याची चेष्टा चालायची.

हिंगोली सोडली की कनेरगाव नाक्याच्या अलीकडे त्याचा तांडा. त्याचे आजोबा धनसिंग बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरलेले. पुढे रेल्वे आली, मोटारी आल्या, बैल गेले. लोक शेतीला लागले. घराण्यात एक रीत तेवढी शिल्लक राहिली. माल कोणताही असो, त्याच्यासोबत मिठाची एक पुरचुंडी जायचीच. बिनमिठाचा माल मुक्कामी पोचत नाही, असं धनसिंग सांगून गेले होते. ही पुरचुंडी नेमसिंगची आई नानीबाई स्वतःच्या हाताने बांधायची. नेमसिंग तिला तांड्याच्या बोलीत याडी म्हणायचा.

आणि हीच नानीबाई स्वतः मात्र अळणी जेवायची. भाकरीत मीठ नाही, डाळीत नाही, ठेच्यात नाही. तिच्यासाठी वेगळी भाजी काढून ठेवायची आणि मग घरच्यांच्या भाजीत मीठ पडायचं. पाहुण्यांना वाटे, म्हातारीला वैद्याचं पथ्य असेल. पथ्य कसलं! नेमसिंगची धाकटी लेक दिपा हगवणीने गेली होती. नेमसिंग तेव्हा लांबच्या खेपेवर. पोरगी पाणी मागत होती आणि नानीबाईने दिलं नाही, कारण पाणी दिलं की जुलाब वाढतात, असंच तिची आई सांगायची, तिच्या आईची आईही. काही महिन्यांनी दवाखान्याची नर्स तांड्यावर आली. तांब्याभर पाण्यात साखर आणि चिमूटभर मीठ घालून तिने बायांना दाखवलं, की हगवण लागलेल्या लेकराला हेच पाजायचं. नानीबाई ऐकत बसली. बाया उठून गेल्या तरी ती तिथेच होती. त्या रात्रीपासून तिने मीठ सोडलं.

नेमसिंगने तिला एका शब्दाने दोष दिला नाही. पण आपल्या आईने एक घास तरी खारट खावा, यासाठी त्याचा जीव तुटायचा. त्याने विनवलं, रागावून पाहिलं, एकदा चोरून तिच्या डाळीत मीठ टाकलं. म्हातारीने जिभेला लागताच ताट बाजूला सारलं आणि दिवसभर उपाशी राहिली. मग त्याने तो नाद सोडला, निदान वरवर तरी.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. पुण्याहून विदर्भातल्या एका संशोधन संस्थेत न्यायचा माल नेमसिंगकडे आला. मोठमोठ्या लाकडी पेट्या, आणि त्यांच्यासोबत ट्रकच्या केबिनमध्ये बसून येणारी एक तरुण संशोधक, कोमल मॅडम. पेट्यांत काय आहे, असं त्याने विचारल्यावर ती म्हणाली, "महासंगणक. गणितं करतो, काका. माणसाला जन्म पुरणार नाही, एवढी गणितं चहा गार व्हायच्या आत."

नेमसिंगने मागच्या पेट्यांकडे एकदा पाहिलं आणि गिअर आणखी हलक्या हाताने टाकला.

वाटेत तांडा लागला, तेव्हा चहाला थांबणं आलंच. कोमल हातपाय धुवायला आत गेली आणि नानीबाईने मुलाला बाजूला घेतलं.

"पुण्याहून इथवर बिनमिठाचा माल आणलास व्हय रं?"

"केबिनीत हाय की पुरचुंडी, याडी."

"केबिनीतली तुझी. एवढं डोस्कं असलेल्या मशीनला तिची स्वतःची लागंल का न्हाई?"

आणि नेमसिंग काही बोलायच्या आत म्हातारीने ताडपत्री उचलली, एका पेटीच्या फळ्यांच्या फटीतून पुरचुंडी आत सारली आणि पेटीला हात जोडले. नेमसिंगला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट त्याला बरंच वाटलं.

कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावर जेवायला बसले. श्रावणाची दमट हवा, अंगाला सदरा चिकटलेला. नेमसिंगने कांदा फोडला, त्यावर मीठ भुरभुरलं, आणि कोमल हसत म्हणाली, "काका, आता हात धुतल्याशिवाय ताडपत्रीला हात लावू नका हं. या मशीनला दोनच वैरी, ओल आणि मीठ. दोन्ही एकत्र आले की आतल्या तारा खाऊन टाकतात."

नेमसिंगने हातातला घास ताटात परत ठेवला. सांगावं की गुपचूप जाऊन काढून टाकावं, असा विचार त्याच्या मनात आला; खोटं कशाला बोला! पण पेटी खिळ्यांनी बंद होती आणि पुरचुंडी खोल गेली होती. त्याने पाण्याचा घोट घेतला आणि सांगून टाकलं.

कोमलचा चेहरा पांढराफटक पडला. ट्रक ढाब्याच्या पत्र्याखाली घेतला. पेटीची फळी उचकटली. पुरचुंडी मधेच अडकली होती, दमट हवेने ती पाझरली होती आणि फळीवरून खाऱ्या पाण्याचा ओघळ खाली आला होता. आत मशीनभोवती जाड चंदेरी प्लास्टिकची पिशवी होती. कोमलने तिच्यावरून बोटं फिरवली, प्रत्येक शिवण तपासली. पिशवी कोरडी होती. ती मटकन पेटीच्या कडेवर बसली.

तेवढ्यात त्याला दिसलं, की पिशवी आणि फळ्यांच्या मधे बारीक बारीक पांढऱ्या पुड्या ठेवलेल्या आहेत.

"ह्या कायच्या पुड्या, मॅडम?"

"ओल शोषून घेतात. प्रत्येक पेटीत ठेवतोच आम्ही."

"म्हंजी पुरचुंडी तुमी बी बांधता," नेमसिंग म्हणाला, "फकस्त आमच्या याडीला इचारलं न्हाई."

कोमल आधी हसली, मग हसता हसता तिचे डोळे भरून आले. एवढा वेळ धरून ठेवलेली भीतीच बाहेर पडत होती ती. मग तिने विचारलं, मीठच का? नेमसिंगने धनसिंगांच्या बैलांपासून सगळं सांगितलं.

"काका, मी या मशीनवर कशाचा अभ्यास करणार आहे, सांगू? मिठाचा. मिठाचा कण पाण्यात कसा सुटतो, आपल्या शरीरात कसा शिरतो. तो एवढा बारीक, की कुठल्याही सूक्ष्मदर्शकातून त्याची हालचाल दिसत नाही. मग काय करायचं? त्याच्याभोवती पाण्याचे हजारो कण मांडायचे, कोण कुणाला ओढतं, कोण कुणाला ढकलतं, याचं प्रत्येकाचं गणित करायचं. पापणी लवते ना, त्याच्या लाखाव्या भागाचाही लाखावा भाग. तेवढ्या वेळातली हालचाल दाखवायला हे मशीन दिवसचे दिवस राबणार."

नेमसिंगने आपल्या तळहाताकडे पाहिलं. कांद्यावरचं मीठ बोटांना अजून चिकटलेलं होतं. तीन पिढ्या आपण हे वाहिलं आणि ह्याच्या आत काय आहे ते आपल्याला ठाऊक नाही, या विचाराने त्याच्या अंगावर काटा आला.

"मॅडम, हगवणीत लेकराला मीठ-साखर काहून देतात मग? नुसतं पाणी काहून न्हाई पुरत?"

"आतड्याच्या पेशीला एक दार असतं. मीठ आणि साखर मिळून गेली की ते उघडतं आणि मागोमाग पाणी आत जातं, एवढं डॉक्टरांना माहीत आहे. पण ते दार नेमकं कसं फिरतं, हे जगात अजून कुणी पाहिलेलं नाही."

मग नेमसिंगने तिला दिपाबद्दल सांगितलं आणि अळणी भाकरीबद्दलही. कोमलने पाझरलेली पुरचुंडी फेकली नाही. रुमालात गुंडाळून ती पर्समध्ये ठेवली. म्हणाली, "ते दार दिसलं, तर आजींना बोलवीन."

माल पोचला, मशीन सुरू झालं. नेमसिंगच्या आयुष्यात पुढे पुष्कळ काही घडलं. त्याचा ट्रक जुना झाला, डोळ्यांना चष्मा लागला, थोरला प्रेमदास शेती बघू लागला. तांड्यात मोबाईल आले. कोमलचं बोलणं म्हणजे शिकलेल्या माणसाचं सौजन्य, असं नेमसिंग धरून चालला होता. आणि वीस-बावीस वर्षांनी प्रेमदासच्या मोबाईलवर तिचा फोन आला. "काका, आजींना घेऊन या. दार दिसलं."

संस्थेच्या दारातच त्याने आणलेल्या मशीनचं एक कपाट उभं होतं, आता फक्त पाहुण्यांना दाखवण्यापुरतं. "म्हातारं झालं ते," कोमल म्हणाली. तिच्या स्वतःच्या केसांत पांढरे आले होते. "त्यावर आम्हाला फक्त पाण्यातलं मीठ जमलं. दाराचा आकार परदेशात एकाने शोधला, पण त्याचा एक भाग कुणालाच नीट दिसत नव्हता. तो एका शिकणाऱ्या प्रोग्रामने ओळखला. त्याला आधीची हजारो दारं दाखवली, मग तो नव्या दाराचा अंदाज करायला शिकला. ते दार हलताना दाखवायचं काम आतल्या नव्या मशीनने केलं."

अंधाऱ्या खोलीत मोठा पडदा उजळला. नानीबाई खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. पडद्यावर पाणी सळसळत होतं, पण आपण पाहतो तसं नाही. एकेक कण वेगळा, सारखा थरथरणारा. एवढ्या गर्दीत दोन जांभळे ठिपके तरंगत आले.

"हे मिठातले कण, आजी. आणि हा हिरवा, साखरेचा."

मधोमध दार होतं, वळ्यावळ्यांचं, श्वास घेतल्यासारखं हलणारं. जांभळे ठिपके खाचेत बसले. दार हललं नाही. हिरवा आला, डगमगला, त्यांच्या शेजारी बसला, आणि ते अवाढव्य दार सावकाश फिरलं. एक बाजू मिटली, दुसरी उघडली आणि तिघे आत गेले. त्यांच्या मागून पाणी लोटलं.

नेमसिंगला श्वास घ्यायची आठवण राहिली नाही. दिपाच्या पोटात अशी किती दारं होती, आणि सगळी वाट पाहत बसली होती. त्याला रडू आलं, आणि त्याच वेळी हात जोडावेसेही वाटले.

नानीबाईने खुर्चीवरून पाय खाली सोडले. मग म्हणाली, "पुन्हा दाव." कोमलने पुन्हा दाखवलं.

"हे दार तुमाला पैल्यापासून ठावं होतं का, बाई?"

"नाही, आजी. आणि तुमच्यासारखं पाणी बंद करणारे मोठे मोठे डॉक्टरही होते, पिढ्यान्‌पिढ्या. डोळ्याला दिसायचं ते एवढंच, की पाणी पाजलं आणि बाहेर पडलं. आत काय होतं, ते पाहायला एवढं मशीन लागलं, एवढी माणसं लागली."

"मंग मला कोठून दिसावं," नानीबाई हळूच म्हणाली. ती कुणाला सांगत नव्हती, विचारत होती. कोमलने तिचा हात हातात घेतला.

परतताना कनेरगाव नाक्याच्या त्याच ढाब्यावर दोघं थांबले. नेमसिंगने सवयीने सांगितलं, की म्हातारीची डाळ अळणी ठेवा. ताट आलं. नानीबाईने भाकरीचा तुकडा मोडला आणि तशीच बसून राहिली.

मग तिने कमरेची पुरचुंडी सोडली. चिमूटभर मीठ तिने समोरच्या पाण्याच्या पेल्यात टाकलं, आणि ढाबेवाल्याकडे पाहत म्हणाली, "थोडी साखर दे, बाबा."

पेला ढवळून तिने अर्धा जमिनीवर ओतला, दिपाचं नाव घेऊन. उरलेला अर्धा ती एका दमात प्यायली.