काकीने जपलेला कॅमेरा

कॅमेऱ्याच्या बेलोजच्या, म्हणजे लेन्समागच्या घड्यांच्या चामडी भात्याच्या, आत टॉर्च पेटवला आणि डोक्यावरून चादर घेतली. प्रत्येक घडीवर उजेडाचे ठिपके दिसले, म्हणजे तितकी भोकं.

चादरीबाहेर शांतारामकाका उभे होते. ते सावंतवाडीकडचे. गोव्यात पाळी गावी खाणीच्या कचेरीत फोटो काढायला आले आणि इथलेच झाले. खाण थांबली, कॅमेरा त्यांच्याकडे राहिला. मोरजीच्या एका हॉटेलने तो शोभेला मागितला होता. काकांनी त्यांना उद्यापर्यंत थांबवलं होतं. फोटो काढणारा कुणी नेणार असेल, तर त्यांना तो त्यालाच द्यायचा होता.

आदल्या दिवशी पेडण्यात असाच एक कॅमेरा पाहिला होता. लेन्स स्वच्छ, शटर नेमकं, पण पाठ, म्हणजे फिल्म बसवायची मागची बाजू, नुसती स्प्रिंगची. जुना प्रेस कॅमेरा घ्यायला निघालात तर आधी पाठ पाहा. इन्स्टंट फिल्मचा डबा धरायला तिथे सरकत्या पट्ट्या लागतात. त्या नसतील तर परत फिरा. मी बसने म्हापसा, मग डिचोली गाठलं. स्टँडजवळ पातळभाजी आणि पाव खाल्ला. पुढे पायलट, म्हणजे भाड्याची मोटारसायकल. खाण बंद, तरी रस्त्याकडेच्या काजूंच्या पानांवर लाल धूळ होती.

पाळीच्या कॅमेऱ्याला पट्ट्या होत्या. डबा पहिल्या झटक्यात बसला. माझ्या बोटांना मात्र खोबरेलाचा वास येत होता.

काकी चहा घेऊन आली. तिनेच सांगितलं, ह्यांनी कॅमेरा कपाटात टाकला, पण दसऱ्याला ती तो कोयता-कुदळीबरोबर पूजेत मांडते. कुंकू लावते. गंजू नये म्हणून तेल चोळते, चामड्याला आणि पुढच्या शटरच्या पात्यांनाही. एकही दसरा चुकवलेला नाही.

काका म्हणाले, हिचाच फोटो काढून बघा.

काकी पदर सारखा करून दारात उभी राहिली. शटर दाबलं. पाती उघडली ती उघडीच राहिली. फोटो पांढरा आला.

काकीने तो उलटसुलट करून पाहिला. "ह्यात मी खय आसंय?"

मी बोलणार, तोच काका म्हणाले, "फिलम जुनी ह्यांची."

"इतक्या लांबसून इलात, आनि जुनी फिलम घेवन?"

फिल्म नवी होती. मी हो म्हटलं. तिने फोटो परत दिला.

काका रस्त्यापर्यंत सोडायला आले. मी सांगितलं, पाती साफ होतील, पण तेल लेन्सच्या काचांच्या मधे गेलंय, आणि असा बेलोज नव्याने करून देणारा मला माहीत नाही.

"तिका सांगू नकात," ते म्हणाले. "हॉटेलाक काय, नुसतो ठेवचो आसा."

साखळीहून चोर्ला घाटाच्या बसने बेळगावला घरी आलो. काढलेला फोटो जागेवर माणसाच्या हातात द्यावा, एवढ्यासाठी मला हा कॅमेरा हवा होता. तो पांढरा फोटो टेबलावर आहे. एका कडेला दाराची चौकट पुसट दिसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलची गाडी आली. काकांनी फोनवर सांगितलं, नेण्याआधी काकीने कॅमेऱ्याला तेल लावलं.