तिसऱ्या बाकावरची उशी

आमच्या चर्चच्या दारावर ‘सर्वांचे सहर्ष स्वागत आहे’ असा फलक आहे. त्यातील शब्दयोजना माझी, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहिणाऱ्या माझ्यासारख्या जाणकाराखेरीज कोणाला असले काम जमत नाही.

गेल्या रविवारी गावात नव्याने बदलून आलेली एक परिचारिका उपासनेला आली. ओळखीचे कोणी नव्हते, म्हणून माणसांत बसावे अशा हेतूने ती तिसऱ्या बाकावर बसली. तोच चर्चच्या कारभाऱ्यांच्या पत्नी आल्या.

“ताई, जरा मागे बसता का? ही आमच्या सासूबाईंची जागा.”

सासूबाई दफनभूमीत जाऊन कित्येक वर्षे लोटली. बाकावर त्यांची उशी तेवढी आहे. ताई उठल्या. मागच्या बाकावर कोणाचे जावई येणार होते. अखेर दाराजवळच्या बाकावर त्या एकट्याच बसल्या.

मला या औदार्याची किळस येते. पाहुणा दारात उभा असेपर्यंत आमचे अंतःकरण विशाल असते. तो टेकला, की लगेच ते अतिक्रमण ठरते.

मग एकमेकांना शांतीचा सलाम करण्याची वेळ आली. त्याच बाई हात पुढे करून थेट दारापर्यंत गेल्या.

“शांती असो! आमच्याकडे कुणाला परकं वाटत नाही, बरं का.”

“हो, दारावर वाचलं मी,” ताई हसून म्हणाल्या.

या रविवारी दाराजवळचा बाक रिकामा होता. उशीला मात्र नवा अभ्रा घातला होता.