मोर्च्यानंतर निवडलेले बूट

काल दादरला नातवासाठी बेसबॉलचे बूट घ्यायला गेलो. बोटांपुढे जागा राहते का, हे दुकानदाराने अंगठ्याने दाबून पाहिलं, आणि नव्या रबराचा वास नाकात शिरताच मी उठून दुकानाबाहेर येऊन उभा राहिलो.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यावर लालबागला गोळीबार झाला, त्या संध्याकाळी रस्ताभर लोकांच्या चपला आणि बूट विखुरले होते. रविवारी आमच्या चाळीच्या पोरांची क्रिकेटची मॅच होती आणि मी कॅप्टन होतो. आमचा बोलर वसंता अनवाणीच धावायचा. त्याच्यासाठी मी त्या पसाऱ्यात वाकून, मंडईत वांगी निवडावीत तसे, कॅनव्हासचे बूट निवडत होतो. तळ वाकवून बघायचा, पुढून दाबून बघायचं.

"हे घे, तुझ्या मापाचे आहेत."

"अरे, पण ह्यांचा माणूस कुठाय?"

"तुला बॉलिंग करायचीय की चौकशी? घाल गपचूप."

त्याने पाय आत सरकवला आणि लगेच बाहेर ओढला. बूट आतून ओला होता. बोटं लाल झालेली पाहून तो गटारापाशी बसून भडाभडा ओकला. मी ते बूट नळाखाली धुतले आणि रविवारी स्वतः घालून खेळलो.

वसंता मॅचला आलाच नाही. गोळीबाराला घाबरला, असं मीच चाळभर सांगितलं, आणि तो मरेपर्यंत लोक त्याला भित्रा म्हणत राहिले. तो घाबरला नव्हता. त्याला माझी किळस आली होती, एवढं त्याच्या मुलांना कळावं.