तुळईवरची माती

महादू, मी वळसंग सोडलं त्या सकाळी बैलगाडी दारात उभी होती आणि तुझी वहिनी वाटेच्या भाकरीचं पीठ मळत होती. काटवटीत वरून चिमूटभर माती पडली. तिनं मान वर करून मधल्या तुळईकडं बघितलं. मग उठली, मुसळ घेतलं आणि तुळईवर दोनदा ठोकलं. बद्द बद्द वाजलं. चांगलं लाकूड तसं वाजत नाही.

"आधी तुळई बदला, मग जावा सोलापूरला," ती म्हणाली.

तू उंबऱ्यात बसला होतास. "वैनी, तुळईला न्हाय, तुमच्या डोक्याला वाळवी लागलीया," म्हणालास. मीपण हसलो. छतावर दोन पाट्या पांढरी माती टाक म्हणून तुला सांगितलं आणि गाडीत बसलो. तिला मागनं नेलं.

आपला बाप दर उन्हाळ्याच्या शेवटी घराच्या मातीच्या माळवदावर चढायचा. "खरडा, मग घाला," एवढंच बोलायचा. जुनी माती फावड्यानं ओढून खाली टाकायची, तुळयांवरच्या काटक्या उघड्या करायच्या, कुजक्या काढायच्या आणि मग नवी पांढरी पसरायची. खरडायला दोन दिवस लागत, घालायला अर्धा. बाप गेला आणि आपण भावांनी तेवढा अर्धा दिवस ध्यानात ठेवला. गळलं की घाल पांढरी. मी सुट्टीला यायचो, मीपण घालायचो. वर चढून पाट्या ओतताना छाती फुगायची, की बघा, शहरात राहून घराकडं लक्ष आहे. माझ्यासारखे मिलला लागलेले गावचे सगळे असंच करतात. त्यांनाही हे पत्र वाचून दाखव.

हितं चाळीत डोक्यावर पत्रा. उन्हाळ्यात माणूस भाजून निघतं, पण पत्र्यातनं माती पडत नाही. तरी ती पीठ मळायच्या आधी वर बघायची. शेजारची तेलुगू बाई विचारायची, पत्र्यात काय दिसतंय तुला? ती काय सांगणार. इतकी वर्षं हितं राहून तिची मान तिकडचीच राहिली.

गेल्या आश्विनात तुझ्या नातवाच्या बारशाला ती आली. मी मिलमध्ये होतो. पाऊस होऊन गेलेला, वरची माती पाणी पिऊन जड झालेली. मधल्या खोलीचं दार लागेना. तिनं तुला सांगितलं, की चौकट दबली आहे, वरचा भार खाली आला आहे. ते ऐकून तू काय केलंस? दार उतरवून खालनं तासलंस. दार नीट लागायला लागलं, म्हणून सगळ्यांना दाखवलंस. हे मला तुझ्याच सुनेनं रडत सांगितलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती त्या खोलीत ज्वारी पाखडत बसली होती, आणि तुळई मोडली.

मी आलो तेव्हा तिला बाहेर काढून ठेवलं होतं. मी मातीत हात घातला, तर कोपरापर्यंत आत गेला. एवढा थर. त्यात तुझ्या पाट्या होत्या आणि माझ्याही. तुळई आतनं भुसा झाली होती. आणि तू दहाव्याला लोकांत बसून म्हणालास, "वैनीची येळ भरली हुती." वेळ तिची नव्हती भरली, महादू. तुळईची भरली होती. ते तिला कळत होतं, आणि आपल्याला तिनं मुसळानं वाजवून सांगितलं होतं.

आता तुझं पत्र आलं. लिहितोस, पलीकडची खोली शाबूत आहे, सून पोराला घेऊन तितंच निजते, औंदा पांढरी चांगली घातली. दार जरा अडकतंय, तासून घेतो. दिवाळीला या, दादा, घर तुमचंच आहे.

हे वाचून मी जेवलो नाही. तुला कशानं कळणार? एक माणूस गेलं, तरी तू रंधाच शोधतोयस.

सून आणि पोर आजच्या आज गोठ्यात हलव. गोठ्यावर पाचट आहे, पडलं तरी कुणी मरत नाही. रंधा कोनाड्यात ठेव. मी शनिवारी पहार घेऊन येतो. तुला माळवदावर यायचं असेल तर ये, नसेल तर खाली उभा राहून बघ. दोन दिवस खरडीन, सगळी माती अंगणात पडू दे, मग तुळया उतरवीन. पुन्हा काय घालायचं ते तुझं तू बघ, मी पैसे देईन, सल्ला देणार नाही.

घर माझंच आहे म्हणतोस. माझं घर काटवटीवरनं मान वर करून बघायचं, ते तू आणि मी मातीखाली घातलं. आता मी हितं पत्र्याखाली स्वतःच भाकरी थापतो. पीठ मळायच्या आधी वर बघतो. काही पडत नाही. तरी बघतो.